दाखल्यावरचे सात महिने

४ मे

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढाच भरवसा.

तेरा वर्षांनी लिहिते आहे आणि तीही कामापुरतं, हे तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. तेव्हा खुशालीच्या गोष्टी लांबवत नाही. भिंगरीच्या जन्माची खरी नोंद, २६ ऑक्टोबरची, तू स्वतःच्या हातानं तुमच्या ऑफिसातल्या जन्मनोंदणीच्या रजिस्टरात केली होतीस. त्या पानाची सही-शिक्क्यानिशी नक्कल मला हवी आहे. लवकर हवी आहे. इथल्या हॉस्पिटलच्या ऑफिसात लागते. साधी कागदपत्रांची बाब आहे, काळजी करू नकोस.

हॉस्पिटल म्हटलं म्हणून घाबरू नकोस. म्हणजे, घाबर. कसं लिहायचं ते सुचत नाही. भिंगरीच्या डाव्या नडगीच्या हाडात गाठ निघाली. कॅन्सरची. जानेवारीत कळलं. किमोचे तीन फेरे झाले. केस गेले, वजन गेलं, जीभ मात्र शाबूत आहे आणि ती थेट तुझ्या वळणावर गेली आहे. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती घरभर गिरक्या घेत फिरायची. भिंगरी हे नाव तूच ठेवलंस. आता खाटेपासून बाथरूमपर्यंत जायला तिला कुबड्या लागतात.

नक्कल रजिस्टर्ड पोस्टानं पाठव. पत्ता मागे आहे.

धाकटी


१३ मे

ताई,

नऊ दिवस झाले. पत्र पोचलं, हे मला माहीत आहे. पोचपावतीवर तुझी सही आहे, तीच ती शेवटचं अक्षर शेपटीसारखं ओढलेली. म्हणजे हातात घेतलंस. वाचलंस की नाही ते तूच जाणे.

मागच्या पत्रात मी ‘साधी बाब’ असं लिहिलं. ती साधी नाही. सांगते.

हा वॉर्ड तू पाहिला नाहीस, म्हणून आधी वॉर्डाचं सांगते. लहान मुलांचा नाही आणि मोठ्यांचाही नाही. तेरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींचा वेगळा, चौथ्या मजल्यावर. भिंतींवर ससे-अस्वलं नाहीत. कोपऱ्यात एक छोटं स्वयंपाकघर आहे, तिथे हवं तेव्हा उठून काहीही उकडून खायची मुभा. परीक्षा बुडू नये म्हणून शिक्षिका येतात. मनातलं बोलायला एक बाई येतात, त्यांच्याशी काय बोलणं झालं ते आईबापांना कळत नाही. चार ते सहा आईबापांना वॉर्डात बंदी, तेवढा वेळ पोरांचा. मोठ्या सिस्टरला सगळी ‘शिट्टी’ म्हणतात, कारण कुणाच्याही खाटेचा पडदा सरकवायच्या आधी ती बारीकशी शिट्टी घालते. या वयाच्या पोरांच्या अंगावर न सांगता जायचं नाही, म्हणते. आणि तिच्या टेबलामागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे : आधी खाटेला विचारा, मग खुर्चीला.

खुर्ची म्हणजे मी.

डॉक्टरीणबाई आल्या की स्टूल ओढून तिच्या समोर बसतात. बहुतेक वेळा मला त्यांची पाठच दिसते. किमोच्या आधी तर मला बाहेर बसवून तिला विचारलं की पुढे कधी मूल व्हावं असं वाटतं का, वाटत असेल तर बीजं आत्ताच काढून गोठवून ठेवता येतील. एवढ्याशा पोरीला! काय म्हणालीस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, “ते माझं आणि डॉक्टरांचं आहे.” माझा असा संताप झाला की विचारू नकोस. पुढे सावकाश लक्षात आलं, राग याचा होता की तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी आपली पोर जगते की नाही एवढ्यावरच अडकलेली, आणि ही माणसं तिच्या पोरांपर्यंत पोचलेली.

आता मुद्दा. पाय काढावा लागणार. गुडघ्याच्या वरून. गाठ रक्तवाहिनीला वेटोळं घालून बसली आहे, पाय वाचवून ती काढता येत नाही. पाय काढला तर दहांतल्या सहा जणी वाचतात. नाही काढला तर डॉक्टरीणबाई आकडा सांगत नाहीत, नुसत्या मान खाली घालतात. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे थांबता येणार नाही.

आणि ती नको म्हणते. फॉर्मवर स्वतःच्या हातानं ‘मला ही शस्त्रक्रिया नको’ असं लिहून तिनं सही केली. ती सही चालते, ताई. कारण कागदावर ती १४ मार्चला अठरा वर्षांची झाली. तुझ्या दाखल्यामुळे. खऱ्या तारखेनं ती अजून सतराचीच आहे आणि खऱ्या तारखेनं सही करायची ती मी. मला ते पान दे. मी सही करीन, ती मला जन्मभर शिव्या घालील, चालेल. शिव्या घालायला असू दे म्हणजे झालं.

धाकटी


१९ मे

ताई,

कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर दोन शब्द : ‘माझ्या दाखल्यामुळे?’

बरं. माझ्यामुळे.

तू विसरली नाहीस, मीही नाही. हे गेले तेव्हा भिंगरी साडेचार वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात मला काम मिळत होतं, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं, पण पोरीला ठेवायचं कुठे? शाळेत घालायला मेअखेर पाच पूर्ण हवीत आणि ही भरली ऑक्टोबरात. मी तुझ्याकडे आले. तू नाही म्हणालीस. मी पुन्हा आले. मी तुझ्या दारात बसून रडले, जेवणार नाही म्हटलं, तुला मूल नाही म्हणून तुला कळत नाही असंही म्हटलं. शेवटी तू दाखला लिहून दिलास. १४ मार्च. सात महिने तू तिला फुकटात वाढवून दिलेस.

आणि मी काय केलं? शेजारणीला सांगितलं. कौतुकानं सांगितलं गं, बहीण माझी अशी आहे म्हणून. ती बया फळांची पिशवी घेऊन थेट तुझ्या खिडकीवर उभी राहिली, ‘आमच्या बाळ्याचेही तेवढे सहा महिने करून द्या’ म्हणत, आणि मागे तुझे साहेब उभे. साहेबांनी काही सिद्ध केलं नाही, पण तुला उचलून त्या आडबाजूच्या ऑफिसात टाकलं. तू तिथून एवढंच कळवलंस की आता तोंड दाखवू नकोस. मी दाखवलं नाही. मानाचा प्रश्न केला. माफी मागायला दोन तासांचा प्रवास होता आणि मी तेरा वर्षं लावली.

त्या नकलेवर खरी तारीख उमटली की खोटा दाखला कुणी दिला हे शेंबड्या पोरालाही कळेल, हे मला समजतं. तुझ्या निवृत्तीला दहा महिने राहिले आहेत, हेही मोजलं आहे मी. सगळं कळून मागते आहे.

आणखी एक सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सप्टेंबरात ती सायकलवरून पडली. पाय दुखतो म्हणाली. मी मुका मार आहे म्हटलं. तेल लावून रोज संध्याकाळी चोळून दिला, शेकून दिला. नडगीवर टेंगूळ आलं तेव्हा म्हटलं, सूज आहे, उतरेल. चार महिने, ताई. दुकानात केसभर चुकलं तर काच फ्रेममध्ये बसत नाही आणि ते मला लांबून दिसतं. पोरीच्या पायावरची गाठ मी या हातांनी चोळत बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चोळलं होतं का. मी नाही म्हटलं.

भिंगरीला यातलं काही माहीत नाही. दाखल्याचंही नाही.

धाकटी


२४ मे

ताई,

पुन्हा पाच दिवस गेले. मला असं उत्तराविना ठेवून तुला बरं वाटत असेल तर सांग. इथे माझा जीव टांगणीला लागला आहे आणि तू तिकडे शिक्के मारत बसली आहेस. मी शेवटचं लिहिते. सोमवारपर्यंत कागद आला नाही तर मी स्वतः तुझ्या वरच्या साहेबांकडे जाते आणि सगळं सांगते. रजिस्टर ते उघडतीलच. दाखला माझ्याकडे आहे, अक्षर तुझं आहे. मग तुझी दहा महिन्यांची नोकरी आणि तुझं नाव दोन्ही जाऊ दे खड्ड्यात. मला पोर हवी आहे.

*

त्याच दिवशी, संध्याकाळी

वरचं लिहिलेलं खोडत नाही. मी कशी आहे ते तुला दिसायला हवं. पण मी जाणार नाही. एकदा तुला बोलून बुडवलं, पुन्हा नाही. पाठवलास कागद तर पाठव, नाहीतर राहू दे.

आज तिनं कारण सांगितलं. इतके दिवस मला वाटत होतं, नटायचं-मुरडायचं वय आहे, एका पायावर कसं दिसेल म्हणून नको म्हणते. मी तिला तसं बोललेही होते. कृत्रिम पाय हल्ली किती छान येतात, पँटमधून कळतसुद्धा नाही, असलं काहीतरी. तिनं कानात इअरफोन घातले होते.

तिच्या शेजारच्या खाटेवर एक वीस वर्षांची मुलगी होती. किमो सुरू व्हायच्या आधी तिनं आपली लांब वेणी कापून उशाच्या खणात ठेवली होती, म्हणून तिचं नाव वेणीवाली. दोघींचं फार जमलं. नर्सच्या चालण्याच्या नकला करायच्या, मला पाहिलं की हसू दाबायच्या. वेणीवालीचा पाय फेब्रुवारीत काढला. मार्चमध्ये ती गेली. त्या दिवशी भिंगरीला खाली स्कॅनला नेलं होतं. वर आली तर खाट रिकामी. मी तिला सांगितलं, वेणीवाली घरी गेली, बरी होऊन गेली. माझ्या तोंडून ते कसं निघालं, देव जाणे. शिट्टी म्हणाली होती की आपण दोघी मिळून तिला सांगू. मी म्हटलं, माझं मी बघते.

मग भिंगरी रोज वेणीवालीला मेसेज करत राहिली. एक दिवस तिच्या भावानं उत्तर दिलं.

आज म्हणाली, “आई, तिचा पाय पण गेला आणि ती पण गेली. मला जायचंच असेल तर मी दोन्ही पायांनी जाईन.” मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये. ती म्हणाली, “बघ. तुला बोललेलं चालत नाही, लपवलेलं चालतं.”

तिची आणि वेणीवालीची गोष्ट एक नाही हे मला माहीत आहे. पण ते सांगायचं तर आधी वेणीवालीबद्दल मी काय काय दडवलं ते सांगावं लागेल, आणि तिथेच माझी वाचा बसते.

धाकटी


३० मे

ताई,

पाकीट आलं. पोस्टमनला सही करून दिली आणि तिथेच उभ्यानं फोडलं.

मी फक्त रजिस्टराच्या पानाची नक्कल मागितली होती. नकलेवर जुन्या ऑफिसाचा शिक्का आहे, म्हणजे तू तिथवर गेलीस; आणि दुसरा कागदही जोडलास. ‘१४ मार्च तारखेचा दाखला मी जाणूनबुजून चुकीचा दिला, जबाबदारी माझी एकटीची.’ खाली तुझी सही, तुझा हुद्दा. माझं नाव कुठेच नाही. साध्या चिठ्ठीवर चार ओळी : ‘आता तुझ्याकडे आहे. वापरायचं की नाही, तू बघ. मला विचारू नकोस. पोरीला माझे आशीर्वाद सांग, तिला मी आठवत असले तर.’

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मग तोंड धुतलं, पाकीट छातीशी धरलं आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसले. आत कुणीतरी होतं. माझा नंबर तिसरा. मी मनात वाक्यं जुळवत होते : ती कायद्यानं अज्ञान आहे, आई मी आहे, सही मी करते, उद्याच घ्या. इतके दिवस मी खुर्ची होते. आता कुणाला विचारायची गरज नव्हती. खोटं कशाला बोलू, ताई, मला आनंद झाला होता. जिंकल्याचा.

शिट्टी तिथून चालली होती. माझ्याकडे पाहून थांबली. माझं तोंड कधी काही लपवू शकलेलं नाही, खोटं बोलतानाच तेवढं साथ देतं. तिनं विचारलं, काय आहे त्यात. मी सांगितलं. सगळं.

ती बाकावर टेकली. म्हणाली, “सही चालेल तुमची. कागद खरा ठरला तर कायद्यानं चालेल.” मग म्हणाली, “पण काकू, टेबलावर तिला नेणार कोण? ओढत नेणार? आणि कापल्यानंतर चार महिने व्यायाम, पुन्हा किमोचे तीन फेरे, रोज सकाळी उठून त्या नव्या पायात आपला पाय घालायचा. ते तुम्ही करणार? खाटेला हे माहीत आहे का?”

मी म्हटलं, माहीत झालं तर ती माझं तोंड बघणार नाही.

“नाहीतरी आता कुठे बघते,” शिट्टी म्हणाली. आणि उठून गेली. फार फटकळ बाई आहे.

दुसरा नंबर आत गेला. दार बंद झालं. पुढे मी होते. मी बाकाचा हात धरून बसले होते आणि हात सुटेना. ताई, तुला खरं लिहिते, मला शहाणपण सुचलं म्हणून मी उठले नाही. मला भीती वाटली म्हणून उठले. ती शुद्धीवर येईल, पांघरुणाखाली हात घालील आणि मग माझ्याकडे बघेल, तेव्हाचं तिचं तोंड मला दिसलं.

मी वॉर्डात परत आले. चार वाजून गेले होते, म्हणजे आईबापांना बंदी. मी पडद्याबाहेर उभी राहून शिट्टी घालायचा प्रयत्न केला. नुसती हवा आली. आतून ती म्हणाली, “कोण फुसफुसतंय?” मी आत गेले आणि पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं.

पुढचं आज लिहवत नाही. तिनं वाचलं. मला बाहेर जायला सांगितलं.

धाकटी


३ जून

ताई,

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नुसती भांडली असती तर सोसलं असतं. ती शिट्टीशी हसून बोलायची आणि मी आत आले की भिंतीकडे वळायची. मी खुर्चीत बसून राहिले. चार वाजले की उठायचे, सहाला पुन्हा यायचे. मनात दिवस मोजत होते. डॉक्टरीणबाईंनी पाच तारीख धरून ठेवली होती, पुढे त्यांच्याकडे जागा नव्हती आणि आमच्याकडे वेळ.

काल सकाळी तिनं विचारलं, “माझा खरा वाढदिवस कधी?”

मी म्हटलं, २६ ऑक्टोबर. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. मावशी बाहेर बसली होती, तिनंच तुला पहिल्यांदा हातात घेतलं.

“म्हणजे इतकी वर्षं केक चुकीच्या दिवशी खाल्ला.”

“हो.”

“आणखी काय काय खोटं आहे?” ती म्हणाली. “एकदम सांगू नकोस. एकेक सांग.”

मी सांगितलं. तेलाचं सांगितलं, चार महिने चोळल्याचं, डॉक्टरांना नाही म्हटल्याचं. ती ऐकत होती. “चोळल्यानं झालं का हे?” मी म्हटलं, तसं नाही म्हणतात, पण चोळायला नको होतं आणि उशीर माझ्यामुळे झाला. ती म्हणाली, “बरं. पुढचं.”

पुढचं वेणीवालीचं. मी म्हटलं, ती घरी गेली नव्हती, हे तुला कळलंच आहे. पण आणखी एक आहे. ती इथे आली तेव्हाच तिच्या दोन्ही फुप्फुसांत पसरलं होतं. पाय काढला तो दुखणं थांबावं म्हणून, बरी व्हावी म्हणून नाही. तिच्या आईनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तू घाबरशील म्हणून मी तुला सांगितलं नाही.

भिंगरी ताठ बसली. “आधीपासून होतं? तिच्या फुप्फुसांत?”

“हो.”

“आणि माझ्या?”

“नाही. अजून नाही. एप्रिलच्या स्कॅनमध्ये स्वच्छ आहेत.”

तिनं शेजारच्या खाटेकडे मान वळवली. मग म्हणाली, “आई, म्हणजे मी तिचं बघून ठरवलं. आणि तिचं वेगळंच होतं.”

ताई, तेव्हा मला कळलं. मी तुझी नोकरी पणाला लावून जो नकार मोडायला निघाले होते, तो नकार मीच तिच्या हातात दिला होता. माझी एक थाप. घरी गेली म्हणे, बरी होऊन. ती उघडी पडल्यावर महिनाभर पोर तिच्याभोवती गणित मांडत बसली. डॉक्टरीणबाई तिला आकडे सांगत होत्या, पण तिला वाटायचं हे वेणीवालीलाही असंच सांगितलं असणार. आईनं फसवलं तर डॉक्टर कशाला खरं बोलतील?

ती म्हणाली, “डॉक्टरांना बोलव. स्कॅन घेऊन या म्हणावं, वेणीवालीचं काय झालं ते जेवढं सांगता येईल तेवढं सांगा म्हणावं. आणि तू बाहेर बस.”

मी बाहेर बसले. दीड तास.

बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आत गेले. तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, “पाच तारखेला. आणि हे बघ, सही मी करणार.”

मी म्हटलं, पण पाकिटातला कागद...

“कागदावर मी अठराची आहे ना? मग राहू दे. सतराची झाले तर सही तू करशील. पाय माझा आहे.” मग हसली, बऱ्याच दिवसांनी. “मावशीनं शाळेसाठी दिलेले सात महिने इथे कामाला आले.”

फॉर्म आणला. जन्मतारखेच्या रकान्यात तिनं १४ मार्च लिहिलं, पेन रेटून लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीनं आपला पाय काढायला परवानगी दिली आणि मी खुर्चीत बसून बघत राहिले. वाटलं होतं, हो म्हणाली की माझा जीव भांड्यात पडेल. पडला नाही. इतके दिवस तिच्याशी भांडायचं होतं म्हणून मी उभी होते. आता भांडण संपलं आणि दहांतले चार माझ्यासमोर उभे आहेत.

धाकटी


५ जून

ताई,

सकाळी पावणेआठला आत नेलं. रात्रीच एका डॉक्टरनं डाव्या मांडीवर पेननं बाण काढला होता, चूक होऊ नये म्हणून. सकाळी पाहिलं तर हिनं उजव्या मांडीवर स्वतः लिहून ठेवलेलं, ‘हा नाही हं!’ डॉक्टरीणबाई वाचून हसल्या आणि मग तोंड फिरवून हातमोजे घालत राहिल्या.

शिट्टीनं तिचं सामान पिशवीत घालून माझ्याकडे दिलं. फोन, कानातले, चपला. दोन्ही चपला.

पाकीट परत पाठवते आहे, नक्कल आणि तुझा कबुलीजबाब दोन्ही आत आहेत. तूच फाड. तुझं मी कधीच फेडू शकणार नाही आणि फेडायला निघाले तर पुन्हा काहीतरी घोळ करीन. सोबत भिंगरीनं तुला लिहिलेलं आहे, कालच लिहून दिलं. मी वाचलं. वाचू नकोस म्हणाली होती, म्हणून तिला विचारून वाचलं.

‘मावशी, तू मला थोडी आठवतेस. तुझ्या टेबलावर शाईचा शिक्का होता आणि तू तो माझ्या तळहातावर मारला होतास. तुझा कागद वापरला नाही, सुखानं निवृत्त हो. तारीख मी ठेवून घेते. पण २६ ऑक्टोबर पण ठेवते, तेव्हा मी खरी अठराची होईन आणि तू यायचंस. आईला खरं बोलायची सवय लावते आहे, वेळ लागेल. मी नसले तर उरलेलं तू बघ. भिंगरी.’

*

दुपारी साडेतीन

बाहेर आली. दीड वाजता आणलं, मगाशी जागी झाली. गाठ पूर्ण निघाली असं त्यांना वाटतं, तपासणीचं उत्तर दहा दिवसांनी. पुढे तीन किमो. म्हणजे अजून काहीच संपलेलं नाही.

जागी झाली तेव्हा खुर्चीत मी होते. ओठ कोरडे, नजर ठरत नव्हती. तिनं हात पांघरुणाखाली नेला, मध्येच थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“आई, गेला?”

ताई, तोंडात सगळं तयार होतं. आराम कर राणी, नंतर बोलू, काही नाही झालेलं. जन्मभर हेच तर बोलत आले.

“गेला,” मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं. मग तिनं हात पुढे केला, मी धरला, आणि तिनं तो सोडला नाही. अजून धरलेला आहे. म्हणून हे सगळं एका हातानं लिहिते आहे, अक्षर लागत नसलं तर समजून घे.

ऑक्टोबरची वाट पाहू नकोस. लगेच नीघ.

तुझी धाकटी